मचाणावरून बाण उंच का जातो? ट्री स्टँडवरचा पवित्रा आणि सराव

रानवाट_मॅडिसन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्याला हरणांसाठी धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो. त्याआधी ऑगस्टमध्ये ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. अंगणात २० यार्डांवर सगळे बाण मुठीएवढ्या जागेत बसतात, मग झाडावरून तेच बाण हरणाच्या पाठीवरून कसे निघून जातात? फोनवर हे सांगून नीट पोचत नाही, म्हणून हा धागा काढतोय. सगळं लिखाण व्हाइटटेल हरीण, कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य आणि उजव्या हाताने दोरी ओढणारा माणूस धरून केलंय. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

सगळ्यात आधी अंतराचा हिशोब. गुरुत्वाकर्षण बाणाला ओढतं ते आडव्या अंतरापुरतं. त्यामुळे वरून मारताना तिरकं अंतर धरलं तर बाण उंच जाणार, हे खरं आहे. पण किती? मचाण २० फुटांवर आहे आणि हरीण झाडाच्या बुंध्यापासून २० यार्डांवर उभं आहे असं समजा. तिरकं अंतर येतं साधारण २१ यार्ड. सेकंदाला २८० फूट वेगाच्या बाणात या एका यार्डाने जेमतेम अर्ध्या इंचाचा फरक पडतो. हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसाची जागा आठेक इंचांची असते. तिथे अर्ध्या इंचाने बाण पाठीवरून जाऊच शकत नाही.

चूक असते ती कमरेत. सपाट जमिनीवर उभं राहून दोरी ओढली की दोन्ही हात, खांदे आणि बाण एका रेषेत येतात आणि कणा त्या रेषेला काटकोनात असतो. मचाणावर खाली हरीण दिसलं की बहुतेक जण कणा तसाच ताठ ठेवतात आणि फक्त धनुष्याचा हात खाली सोडतात. त्या क्षणी खांद्याचा कोन मिटतो, ओढ थोडी आखूड होते, हनुवटीपाशी टेकणारी मूठ सरकते आणि डोळा पीपमधून (दोरीत बसवलेल्या नेमाच्या भोकातून) वेगळ्या जागेतून बघू लागतो. अंगणात बसवलेली पिन (धनुष्यावरच्या कड्यातली नेम धरायची खूण) आता खोटी ठरते. बाण उंच जातो तो यामुळे.

उपाय असा. दोरी ओढताना बाण जमिनीला समांतर ठेवा. मूठ नेहमीच्या जागी टेकली, पीप आणि पिनचं कडं एकात एक बसलं, की मग वरचं सगळं अंग आहे तसं ठेवून कमरेच्या बिजागरीतून खाली वळा. बूड मागे जाईल, जाऊ द्या. हार्नेसचा (अंगात घालायच्या सुरक्षापट्ट्यांचा) झाडाला बांधलेला पट्टा नीट आखूड असेल तर त्यावर थोडा भार टाकता येतो आणि तोल जाण्याची भीती उरत नाही. ज्याला भीती वाटते तो वाकत नाही, ताठच राहतो. म्हणून मी हार्नेसला नेमबाजीचाच भाग मानतो.

आता पायांबद्दल. झाडाला पाठ लावून बसलात की तुमच्या डाव्या हाताची बाजू ही सोपी बाजू. डावा खांदा हरणाकडे, छाती समोर, काही हलवावं लागत नाही. हरीण अगदी समोर असेल तर छाती उजवीकडे वळवावी लागते, म्हणजे बसल्या बसल्या जड जातं. आणि हरीण उजव्या हाताला आलं तर पूर्ण वळून झाडाकडे तोंड करून उभं राहावं लागतं, मध्ये हार्नेसचा पट्टा येतो, आणि एवढी हालचाल होईपर्यंत हरणाचं शेपूट पांढऱ्या निशाणासारखं वर गेलेलं असतं. म्हणून झाड निवडतानाच पायवाट डाव्या हाताला येईल असं झाड निवडा. इथल्या दक्षिण-पश्चिम भागातल्या डोंगराळ रानात पांढऱ्या ओकखाली ओकफळं पडली की हरणं त्याच उतारावरून रोज येतात. ती वाट पाहून ठेवा, वारा पाहा आणि मग शिडी लावा.

तरी उजव्या बाजूचा सराव करायचाच. नोव्हेंबरात माजावर आलेला नर कुठल्या बाजूने येईल याचा नेम नसतो.

बसून मारण्याचा सराव फार थोडे लोक करतात, आणि प्रत्यक्षात हरीण येतं तेव्हा माणूस बसलेलाच असतो. एक साधी, पाठ नसलेली खुर्ची अंगणात घ्या. डावा पाय पुढे, उजवा गुडघा बाहेर काढलेला. खालचा कॅम (धनुष्याच्या टोकाचं चाक) मांडीला किंवा मचाणाच्या कठड्याला लागत नाही ना, हे इथेच कळतं. सोडताना कॅम कठड्यावर आदळला तर बाण कुठेही जातो आणि धनुष्यही मोडू शकतं. बसून दोरी ओढताना धनुष्य आकाशाकडे उचलावं लागत असेल तर ओढीचं वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) जास्त आहे, सरळ पाच-दहा पौंडांनी कमी करा. तीन तास थंडीत निश्चल बसल्यावर आखडलेले खांदे ऑगस्टमधलं वजन ओढत नाहीत.

आणि सगळा सराव हंगामाच्या कपड्यांत. जाड जॅकेटची बाही दोरीला लागते, तोंडावरच्या मास्कमुळे मूठ गालावर टेकल्याची जाणीव बदलते, हातमोज्यात रिलीजचा (दोरी धरून सोडायच्या साधनाचा) चाप वेगळा लागतो. हे सगळं टी-शर्टवर कधीच कळणार नाही.

बाकी तुमचे प्रश्न विचारा.


अमृता_मिल्वॉकी

दादा, मी ४० पौंडांचं धनुष्य ओढते. उभी असताना काहीच त्रास नाही, पण तुम्ही म्हणता तसं खुर्चीत बसून बघितलं तर शेवटच्या टप्प्यात अडते. दुकानातला माणूस म्हणाला की ४० च्या खाली उतरू नकोस, हरणाला पुरणार नाही. काय करू?


रानवाट_मॅडिसन

अमृताताई, विस्कॉन्सिनच्या नियमात हरणासाठी किमान ३० पौंडांची ओढ लागते आणि ब्रॉडहेडची (शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकाची) रुंदी किमान ७/८ इंच. तुम्ही ३६-३७ वर आलात तरी नियमात आहात. फक्त दोन गोष्टी पाळा. पाती आत घुसताना उघडणारं ब्रॉडहेड घेऊ नका, कारण ती उघडण्यातच बाणाचा जोर खर्च होतो. स्थिर पात्यांचं, वस्तऱ्यासारख्या धारेचं घ्या. आणि अंतर १५-१८ यार्डांच्या आत ठेवा. संथपणे, सरळ, बसून ओढता येणारे ३६ पौंड हे झटका देऊन ओढलेल्या ४५ पेक्षा केव्हाही चांगले.

आणखी एक. पूर्ण ओढून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचा सराव करा. हरीण झाडाआड थांबतं आणि आपण ओढलेल्या अवस्थेत अडकतो. ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा भार) असलेल्या ४० पौंडांच्या धनुष्यावर हातात ८ पौंडच धरावे लागतात, पण दंड थरथरायला तेवढेही पुरतात.


सातारी_बाण

हा धागा वाचून मनापासून आनंद झाला. मी शिकार करत नाही, कंपाउंडचा खेळाडू आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघंही कंपाउंडचे वैयक्तिक विजेते झाले तेव्हापासून साताऱ्यात लहान मुलांच्या हातातही रिलीज दिसतो. आमचं मैदान सपाट, ५० मीटर, त्यामुळे उतारावरची नेमबाजी आमच्याकडे कमी जणांना माहीत असते. पण फील्ड आर्चरीत चढ-उतार असतात आणि तिथे तुम्ही सांगितलेलीच चूक होते.

आम्ही करतो तो व्यायाम सांगतो. बाण लावून लक्ष्याच्या अगदी समोर, जवळ उभं राहा. डोळे मिटून ओढा, मूठ टेकवा, कमरेतून वाका, आणि मग डोळे उघडा. पीप आणि पिनचं कडं एकात एक असेल तर वाकणं बरोबर. कडं वर किंवा खाली सरकलेलं दिसलं तर खांदा हलला. पाहिजे तर बाण सोडूही नका. फक्त हे रोज थोडा वेळ केलं तरी अंगात बसतं. कंपाउंड कधीही बाणाशिवाय सोडू नये हे सगळ्यांना माहीत असेलच, तरी नवीन लोकांसाठी लिहितोय.

एक शंका. तुम्ही बाण समांतर ठेवून ओढायला सांगता, पण हरीण १० यार्डांवर असताना एवढी हालचाल त्याला दिसणार नाही का?


रानवाट_मॅडिसन

व्यायाम फार चांगला आहे, मीही यंदा घालतो सरावात.

हालचालीचं म्हणाल तर हरणाचं डोकं झाडाआड गेलं किंवा ते खाली चरायला लागलं की ओढायचं. डोकं वर असताना कुठल्याही पद्धतीने ओढलं तरी दिसणारच. आणि समांतर ओढून खाली वाकणं ही एक लहान, सावकाश हालचाल असते. धनुष्य आकाशाकडे करून ओढणं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं.


डेन्व्हरकर_काका

रानवाट, एका मुद्द्यावर मला भर घालायची आहे. तुमचा अर्ध्या इंचाचा हिशोब मचाणापुरता बरोबर. पण आमच्याकडे कोलोराडोत एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) मागे चालताना ४५ अंशांच्या उतारावरून ५० यार्डांवर नेम धरायची वेळ येते. तिथे आडवं अंतर ३५ यार्ड भरतं. ५० ची पिन लावली तर बाण एल्कच्या पाठीवरून जाईल. म्हणून अंतर मोजायच्या यंत्रात कोनाची दुरुस्ती असते आणि आम्हाला ती लागते. तुमचा धागा वाचून कोणी इकडे येऊन कोन विसरू नये.

कमरेतून वाकण्याबद्दल शंभर टक्के सहमत. खडकावर उभं राहून ते अजून अवघड असतं.


रानवाट_मॅडिसन

काका, मान्य. मी लिहिलं ते २० फुटांच्या मचाणापुरतं आणि ३० यार्डांच्या आतलं. मचाणावर बसणाऱ्यांनी एक सोपी सवय लावावी: वर पोचल्यावर हरणाकडे नाही, तर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर आजूबाजूच्या झाडांच्या खोडांकडे यंत्र धरून अंतरं मोजून ठेवायची. ती आपोआप आडवी अंतरं असतात. कुठलं खोड १५ आणि कुठलं २५ हे एकदा डोक्यात बसलं की हरीण आल्यावर यंत्राला हात लावायची गरज नाही.


वाचनवेडी_पुणे

प्रामाणिकपणे विचारते, राग मानू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि मला तो कायदा योग्य वाटतो. तुमच्यासारखी शिकलेली मराठी माणसं तिकडे जाऊन हरणं का मारतात? मांस दुकानात मिळतं ना?


रानवाट_मॅडिसन

वाचनवेडी, राग कशाचा. भारतातला कायदा मलाही योग्य वाटतो आणि तिथे मी शिकारीचा विचारही करणार नाही. इथली परिस्थिती उलटी आहे. लांडगे राज्याच्या उत्तरेकडे आहेत, दक्षिणेच्या शेतीच्या भागात हरणांना फारसं कोणी खाणारं उरलेलं नाही. मका-सोयाबीन भरपूर. जिथे हरणं फार वाढली तिथे ओकची रोपं गुडघाभर होण्याआधीच खुडली जातात आणि रान नुसतं म्हाताऱ्या झाडांचं उरतं. वन्यजीव संवर्धनाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड इथे मॅडिसनच्या विद्यापीठातच शिकवत. हरणं वाढली की जंगलाचं काय होतं हे त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात सतत सांगितलं, आणि ते स्वतः धनुष्य बनवून शिकार करत. १९३४ साली विस्कॉन्सिनात धनुष्यासाठी वेगळा हंगाम सुरू झाला तेव्हा ते इथेच होते. परवान्याचे पैसे, आणि १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार शिकारीच्या साहित्यावर घेतला जाणारा कर, यातून वन्यजीव खात्यांचं बरंच काम चालतं.

मांसाबद्दल. आमच्या घरी वर्षभर लाल मांस खातो ते या हरणाचंच, आणि ते कसं जगलं आणि कसं मेलं हे मला माहीत असतं. म्हणूनच या धाग्यावर मी एवढ्या बारकाईने लिहितोय. बाण जागेवर लागला तर हरीण काही सेकंदांत पडतं. नाही लागला तर ते रात्रभर तडफडतं, आणि त्याचं उत्तर सरावाशिवाय दुसरं नाही. तुम्हाला पटेलच असं नाही, पण विचारलंत म्हणून मनापासून सांगितलं.


वाचनवेडी_पुणे

पटलं असं म्हणणार नाही, पण उत्तर आवडलं. वाचते पुढे.


डॉ_मिशिगन

मी आपत्कालीन विभागात काम करतो. दर शरद ऋतूत झाडावरून पडलेले शिकारी येतात, मणका मोडलेला असतो. म्हणून हार्नेसबद्दल थोडं.

वर पोचल्यावर पट्टा लावणं पुरेसं नाही. माणूस पडतो तो चढताना, उतरताना, आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. त्यामुळे बुंध्यापासून वरपर्यंत एक जीवनदोरी बांधून ठेवा, तिच्यावर प्रुसिक गाठ (हाताने सरकते, भार आला की दोरी घट्ट पकडते) सरकवत चढा, म्हणजे जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत तुम्ही बांधलेले असता. धनुष्य पाठीवर घेऊन कधीही चढू नये. ते वेगळ्या दोरीने नंतर वर ओढायचं, बाण भात्यात झाकलेले.

दुसरं, हार्नेसने वाचलात म्हणजे संपलं नाही. लटकलेल्या अवस्थेत मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, पाय न हलवता माणूस लटकून राहिला तर शुद्ध जाऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. पाय टाकायचा सुटा पट्टा हार्नेसला असतो, तो खिशात तयार ठेवा, त्यात पाय रोवून उभं राहा, पाय हलवत राहा. आणि खालून कोणीतरी उतरवेपर्यंत वाट पाहायची असेल तर फोन कमरेच्या खिशात हवा, मचाणावर ठेवलेल्या पिशवीत नाही. लटकून परत चढायचा सराव एकदा तरी कमी उंचीवर, जोडीला माणूस ठेवून करा.


चंद्रपूरचा_मुलगा

मी ताडोब्याच्या बाजूचा. बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या प्राणीगणनेसाठी पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसलोय. हातात कॅमेराही नाही, फक्त वही. तिथे शिकलो ते सांगतो, कदाचित तुमच्या उपयोगाचं असेल. चितळ वर सहसा बघत नाही, पण वरची हालचाल आणि चंद्रप्रकाशात आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी आकृती त्याला लगेच कळते. ज्या मचाणामागे दाट फांद्या असतात तिथेच जनावर निवांत पाणी पितं. उघड्या खोडावरच्या मचाणाखाली ते नुसतं थबकून निघून जातं.


रानवाट_मॅडिसन

मोलाचं सांगितलंत. व्हाइटटेलला तर सतत शिकार होत असल्याने वर बघायची सवय लागलेली असते. म्हणूनच मी पाच-सहा बुंधे एकत्र असलेलं झाड शोधतो. उंची वाढवून लपण्यापेक्षा मागे फांद्या असलेली १८ फुटांची जागा मला बरी वाटते. उंची वाढली की कोन तीव्र होतो, आणि त्याची किंमत छातीत मोजावी लागते. ती अशी:

२० फुटांवरून १० यार्डांवरच्या हरणावर बाण साधारण ३४ अंशांनी उतरतो. छाती फूटभर रुंद धरली तर आरपार जाताना तो ८ इंच खाली येतो. म्हणजे जमिनीवरच्यासारखा छातीच्या मध्यावर नेम धरला तर बाण जवळच्या फुप्फुसातून जाऊन खाली निघतो आणि पलीकडचं फुप्फुस शाबूत राहतं. एका फुप्फुसावर हरीण फार लांब जातं. म्हणून नेम धरताना बाण कुठून बाहेर पडेल ते आधी बघायचं, पलीकडच्या पुढच्या पायाच्या वरची जागा, आणि त्या रेषेत अलीकडे जिथे शिरेल तिथे पिन ठेवायची.


अमृता_मिल्वॉकी

मग हरीण अगदी झाडाखाली येऊन उभं राहिलं तर? आणि सरळ तोंड करून येत असेल तर?


रानवाट_मॅडिसन

दोन्हीत मारायचं नाही. झाडाखाली उभ्या हरणावर वरून मारलेला बाण कण्याशेजारून एकाच फुप्फुसात जातो आणि बाहेर पडायला वाट नसल्याने रक्ताचा माग मिळत नाही. समोरून येणाऱ्याच्या छातीत जागा फार अरुंद. थांबा. ते दहा पावलं पुढे जाऊन आपल्यापासून किंचित दूर तिरकं उभं राहिलं की तीच सगळ्यात चांगली संधी.

दोरीच्या आवाजाचाही विचार करा. २८० फूट वेगाच्या बाणाला २० यार्ड जायला ०.२१ सेकंद लागतात, आवाज ०.०५ सेकंदात पोचतो. मधल्या वेळात सावध हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं. कान टवकारलेल्या हरणावर बाण पाठीवरून जाण्याचं हे दुसरं कारण. चरणारं, निवांत हरीण असेल तरच सोडा, आणि बाहेर पडायची जागा सांभाळून पिन थोडी खाली ठेवा.


सॅडलवाला_ओहायो

मी गेली काही वर्षं मचाण सोडून सॅडलवर आहे, म्हणजे झाडाकडे तोंड करून दोरीवर रेलून बसायचं. तिथे कमरेतून वाकणं आपोआप होतं कारण भार दोरीवरच असतो. डावी बाजू सोपी, उजवीकडे आलेल्या हरणासाठी पायांनी झाडाभोवती फिरून जावं लागतं, किंवा धनुष्य दोरीवरून पलीकडे न्यावं लागतं. हे अंधारात पहिल्यांदा करू नये. घरामागच्या झाडावर दोन फुटांवर बांधून शिका.


अमृता_मिल्वॉकी

आमच्या आर्चरी क्लबात मनोरा आहे, वरून फोमच्या हरणावर मारता येतं. शनिवारपासून तिथे जाणार. किती बाण मारू?


रानवाट_मॅडिसन

थोडे मारा. दमलेल्या खांद्यांनी मारलेले बाण चुकीची सवय लावतात. मनोऱ्यावर चढा, दहा मिनिटं बसून राहा, आणि मग उठून एकच बाण मारा. तो पहिला, गार अंगाने मारलेला बाण कुठे बसला तेवढं वहीत लिहा. हंगामात तुम्हाला तोच एक बाण मिळणार आहे. बाकीचे चार-पाच बाजू बदलून मारा: एक बसून, एक उजवीकडे वळून, एक गुडघ्यावर.

शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाची टोकं काढून ब्रॉडहेड लावूनच मारा, त्यांची पाती हवेत वेगळी वागतात आणि बाण दोन-तीन इंच सरकू शकतो. क्लबचं फोम ब्रॉडहेडने फाटतं म्हणून आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळं लक्ष्य ठेवलेलं असतं.

आणि हरीण मिळालं तर मांस वाटण्याआधी त्याचं डोकं डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या) पेटीत तपासणीसाठी द्या. सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग इथल्या रानटी हरणांत २००२ साली सापडला, तपासणी फुकट आहे, आणि रोग निघाला तर ते मांस खाऊ नये असंच सीडीसी ही अमेरिकेची केंद्रीय आरोग्यसंस्था सांगते. निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये वेगळं, नाव लिहून ठेवा.